पन्नास रुपयांची वही

७ जुलै २०२४, रविवार

हजर १७. मागच्या भिंतीला ओल आली आहे, वरून गळतंय. सगळ्यांना वेदीकडे सरकवून बसवलं.

पाळकसाहेबांशी बोलून ठरलं ते असं. नाताळापर्यंत शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या वर्गात) एकच विषय: आपल्याजवळ जे आहे ते दुसऱ्याच्या कारणी लावणं. पैसाही आणि अंगातला गुणही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, चाकरांकडे पैसे सोपवून जाणारा धनी आहे, त्याच्यासारखे प्रत्येक मुलाला पन्नास रुपये द्यायचे. मुलांनी ते वाढवायचे, कापणीच्या सणाला परत आणायचे आणि कोणाला द्यायचे ते त्यांनीच ठरवायचं. सतरा पोरांचे ८५० झाले. पाळकसाहेबांनी २०० दिले, महिला मंडळाने ३००, उरलेले माझे.

वही त्यासाठीच उघडली. मुलांची नावं लिहिणार नाही. वही चर्चच्या कपाटात राहते आणि त्या कपाटाची किल्ली कुठे असते हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. शेवटच्या पानावर तक्ता आखलाय: दिले, मिळवले, परत आले. तिथे फक्त हजेरीचे नंबर.

१४ जुलै

दृष्टान्त सांगितला आणि पहिल्याच ओळीला अडखळले. आपल्या मराठी शास्त्रात (बायबलात) धनी एकाला पाच हजार रुपये देतो, एकाला दोन हजार, एकाला एक हजार. सायकलवाला (आठवी, वडिलांचं पंक्चरचं दुकान) म्हणाला, "बाई, हजार रुपयांत काय धंदा होतोय? चांगला पंपसुद्धा येत नाही."

मग फळ्यावर हिशेब मांडला. मूळ शब्द तालांत. ते चांदीचं वजन. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर वीस वर्षांची कमाई. आजच्या रोजाने किती होतात ते काढा म्हटलं, तर भांडण लागलं: रोज कोणाचा धरायचा, आईचा की पप्पांचा? खुरपणीला बाईला तीनशे, गड्याला पाचशे. शेवटी मधला चारशे धरला. चोवीस लाख.

वर्ग एकदम गप्प. "म्हणजे ज्याला सगळ्यात कमी दिलं त्यालापण चोवीस लाख?" इतकी वर्षं हा धडा शिकवतेय, हा गुणाकार मी स्वतः कधी केला नव्हता.

दुसरी अडचण भाषेची. इंग्रजीत 'टॅलेंट' हा शब्द याच दृष्टान्तातून आला, त्यामुळे तिकडच्या पोराला त्या पैशात गुण ऐकू येतो. आपल्या पोरांना फक्त रुपये ऐकू येतात. म्हणून गुणांसाठी पेत्राचं पत्र काढलं: ज्याला जे कृपादान मिळालं ते त्याने एकमेकांच्या कारणी लावावं, देवाच्या कृपेचे चांगले कारभारी होऊन. 'कारभारी' म्हणताच सगळे लोळायला लागले. सगळ्यांच्या आज्या नवऱ्याला कारभारी म्हणतात. धाकटी (दुसरी) फार गंभीरपणे म्हणाली, "मग आपण देवाचे नवरे का?"

हसू दिलं. हसून झाल्यावर इतकंच सांगितलं की कारभारी घराचा मालक नसतो, त्याला हिशेब द्यावा लागतो.

२१ जुलै

नोटा वाटल्या. कोऱ्या, निळ्या, मागे हंपीचा रथ. मोठ्यांनी लगेच खिशात घातल्या. खांबाजवळच्या कोपऱ्यात बसते ती सहावीतली मुलगी (पुढे 'कोपऱ्यातली' लिहीन) हिने नोटेची आठ घड्यांची पुडी केली आणि कंपासपेटीत, कर्कटकाच्या खाली ठेवली. हिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. आषाढ-श्रावणात त्या घरी हात कोरडेच असतात, हे मला माहीत होतं.

४ ऑगस्ट

कोण काय करतंय ते विचारलं. दोघांनी धने आणून तेलाच्या डब्यांत कोथिंबीर पेरली. सायकलवाल्याने सोल्यूशनची ट्यूब आणि पॅच घेतले, दुकान बंद असतं तेव्हा दुपारी पंक्चर काढतो. पाचवीतली एक आजीच्या मशीनवर साडीला फॉल लावायला शिकतेय. दोघी बहिणी राख्या करतायत. धाकटीने अंडी आणली आणि खुडुक कोंबडीखाली ठेवली. सगळ्यात पक्का धंदा हिचाच दिसतो.

वर्गातल्या एकाने (पुढे 'भेळवाला' लिहीन) शाळेबाहेर भेळ विकून पन्नासाचे दीडशे केले म्हणून वर्गाने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्याची आई घरी आली. "दीडशे केले म्हणतो बाई, माझं दोनशेचं तेल आणि शेव गेली त्याचं काय?" खरंच होतं. पुढच्या रविवारी खर्चाचा रकाना वाढवायचा.

नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला देणं म्हटलं की रेव्हरंड ना. वा. टिळक आठवतात. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे, दारी आलेला रिकामा जात नसे. पण चुलीवर काय ठेवायचं याची काळजी लक्ष्मीबाईंना. त्यांनी ते सगळं हसत लिहून ठेवलंय म्हणून आपणही हसतो. देणारा एक आणि झळ दुसऱ्याला, हा भाग मुलांना कसा सांगावा ते अजून सुचलं नाही. भेळवाल्याला मात्र आईने सांगितलंच असेल.

१८ ऑगस्ट

उद्या रक्षाबंधन. राख्या सगळ्या खपल्या, चाळीसच्या चाळीस. मंडळीच्या पंचांपैकी एकाने उपासनेनंतर बाजूला घेऊन विचारलं की शब्बाथ शाळेत राख्या कशा? म्हटलं, शाळेत नाही, घरी केल्या, आणि ज्यांनी विकत घेतल्या त्या शेजारणीच आपल्या घरी नाताळाची करंजी मागायला येतात. त्यांना पटलं नाही. मला ते पटवत बसायचंही नाही.

२५ ऑगस्ट

आज गुणांबद्दल. पंडिता रमाबाईंची गोष्ट घेतली, पण दरवर्षी सांगतो तशी नाही.

दरवर्षी आपण केडगावपासून सुरू करतो: १८९६ चा दुष्काळ, मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुली, मुक्ती मिशन. आज विद्येपासून सुरू केली. आईवडिलांनी तिला संस्कृत शिकवलं, हजारो श्लोक पाठ. पुढे दुष्काळात आईवडील गेले. वीस वर्षांची असताना, १८७८ मध्ये, कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. एवढा मान मिळाल्यावर माणूस तिथेच बसून सत्कार घेत राहू शकतो. हिने शाळा काढल्या, मुलींना आसरा दिला आणि उतारवयात हिब्रू-ग्रीक घेऊन बसली. का, तर साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत शास्त्र असावं. अनुवाद तिचा, छापखाना केडगावचा, खिळे जुळवायला तिथल्याच मुली आणि बाया. ज्या पोरी भुकेने अर्धमेल्या होऊन आल्या होत्या त्यांच्यासारख्यांच्या हातांनी ते पुस्तक छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या.

गणितात हुशार आहे तो मुलगा: "एवढं शिकून तिला पगार किती होता?"

मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न वाईट नव्हता. घरी रोज ऐकतो तो: शिकशील तर पगार मिळेल. शिकशील तर दुसऱ्याला काय मिळेल, हे आपण पोरांना कधी विचारतच नाही.

घरचा अभ्यास: आपल्याला काय चांगलं येतं ते लिहून आणायचं. स्वतःचं स्वतः लिहायचं नाही, शेजारी बसलेल्याने लिहायचं.

१ सप्टेंबर

चिठ्ठ्या वाचल्या. "ह्याला गाडीचा आवाज ऐकून काय बिघडलं ते कळतं." "हिला भांडण मिटवता येतं पण आधी स्वतः करते." "हा खोटं बोलला तरी हसू येतं." कोपऱ्यातलीबद्दल शेजारणीने लिहिलं: "ही कोणाला काय पाहिजे ते न विचारता ओळखते."

चष्म्याचा नंबर वाढलेल्या तीन आज्यांकडे वाचनाला मुली पाठवायचं ठरलं. बुधवारी, अर्धा तास.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. हजर ५. बाकीचे देखावे बघायला.

२२ सप्टेंबर

आज पाहुण्या म्हणून मंडळीतल्या सगळ्यात वयस्क आजींना बोलावलं. त्यांना आधीच सांगितलं होतं की देण्याबद्दल बोलू नका, ते मी बोलतेच. घेण्याबद्दल सांगा.

आजी आधी बोलायला तयार नव्हत्या. "ते काय पोरांना सांगायचं?" मग बसल्या आणि पाऊण तास बोलल्या.

१९७२. विहिरी आटलेल्या, जनावरं सोडून दिलेली. आजी तेव्हा तरण्या, पदरात पोरं. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, हाताला फोड, दुपारी सुकडी. रेशनला लाल मिलो, त्याची भाकरी थापताना तुटायची. मिशनकडून दुधाची पावडर यायची, ती मोठ्या पातेल्यात कालवून वाटायचे. तिथे दोन बायका वाटायला असत. एक जण यादी घेऊन नाव पुकारायची, मोठ्याने, बापाच्या नावासकट. पलीकडे रस्ता, रस्त्यावर गावातली माणसं. "बाटगे दुधासाठी बाटले" हे त्या रस्त्यावरूनच ऐकू यायचं. दुसरी बाई नाव विचारायचीच नाही. बादली घ्यायची, ओतता ओतता पावसाचं बोलायची, पोराला खोकला आहे का विचारायची, आणि बादली भरलेली असायची. आजी म्हणाल्या, "मी नेहमी हिच्या रांगेत. लांब असली तरी."

मग पोरांकडे वळल्या. "दूध एकाच पातेल्यातलं होतं बरं का."

सायकलवाल्याने विचारलं, "आजी, मग पहिल्या बाईचा राग येतो का?" आजींनी विचार केला. "नाही. तिच्यामुळं माझी पोरं जगली. पण तिचं तोंड मला आठवत नाही, फक्त आवाज आठवतो."

मी हा विषय हाती घेतला तेव्हा मनात चित्र होतं की आपली मुलं देणारी आणि पलीकडे कोणीतरी घेणारं. आमच्या मंडळीत पन्नास घरं आहेत आणि त्या बादलीच्या रांगेत उभं न राहिलेलं घर शोधून सापडायचं नाही. शब्बाथ शाळेच्या छापील पाठांत हे कुठेच नसतं. तिथलं मूल नेहमी भरल्या घरातलं असतं आणि खिडकीतून गरीब बघतं.

६ ऑक्टोबर

पुढच्या-पुढच्या रविवारी कापणीचा सण. कोणाचे किती झाले ते एकेकाला बोलावून विचारलं. कोपऱ्यातली सगळ्यांत शेवटी आली.

"बाई, संपले."

कसे, असं मी विचारायला नको होतं. पण विचारलं. ऑगस्टमध्ये धाकट्या भावाला जुलाब लागले, रात्री. ओआरएसच्या पुड्या आणि रिक्षात बसायचे तिच्या वाट्याचे पैसे. आईला सांगितलं नाही की हे चर्चचे आहेत.

मी म्हटलं, बरं केलंस. आणि ते खरं होतं, पण डोक्यात शेवटच्या पानावरचा तक्ता आला. दिले ५०, मिळवले काहीच नाही, परत काहीच नाही. दृष्टान्तात तिसऱ्या चाकराला बोलणी बसतात कारण त्याने पैसे पुरून ठेवले. हिने पुरले नव्हते. वाढवले नव्हते. दृष्टान्तात असा माणूसच नाही.

जाता जाता दारात थांबली. "मग मी चौथा नोकर का?"

घरी आल्यावर शेवटचं पान फाडलं. नवीन तक्ता केला, त्यात 'मिळवले' हा रकाना नाही. 'परत' चा ठेवला, कारण पैसे मंडळीचे आहेत आणि पाळकसाहेबांना वर्षाचा हिशेब दाखवावा लागतो.

२० ऑक्टोबर, कापणीचा सण

वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, सीताफळं, उसाच्या दोन मोळ्या, बांधलेला एक कोंबडा जो प्रार्थनेच्या ऐन मध्ये आरवला. उपासनेनंतर लिलाव. कोथिंबिरीची जुडी २१० रुपयांना गेली, बाजारात दहाला मिळते. धाकटीची पिल्लं सात होती. तिने सहाच लिलावात दिली, सातवं द्यायला तयार नाही, आणि लिलाव पुकारणाऱ्या काकांनी माइकवरून सांगितलं की सातव्याचा सौदा रद्द.

एका वडिलांनी मुलाच्या हातात हजाराची जास्तीची रक्कम देऊन पाठवलं. पोराचे कान लाल. त्याने गाड्या धुवून मिळवलेले १८० मला माहीत होते. १८० वर्गाच्या पेटीत घेतले, हजार नेहमीच्या दानपेटीत टाकायला लावले. वडील नाराज आहेत. संतोषाने देणारा देवाला प्रिय, हे वचन त्यांच्या मोटारीच्या काचेवरच आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

मुलांच्या कमाईचे ३१९० आणि लिलावात त्यांच्या वस्तूंचे २१५०. एकूण ५३४०.

२७ ऑक्टोबर

कोणाला द्यायचे यावर मुलांची चर्चा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ब्लँकेटं, यावर बहुमत. दिवाळीनंतर आपल्या भागातही टोळ्या उतरतात, शेतात कोप्या (तोडकऱ्यांच्या झोपड्या) पडतात, थंडीला सुरुवात होते. "पण ते ख्रिस्ती नाहीत," एकाने म्हटलं, तर तिघांनी एकदम वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट सुरू केली. बरं वाटलं.

मोठ्यांत मात्र दोन हरकती. पहिली: चर्चची माणसं वस्तू घेऊन कोप्यांवर गेली की धर्मांतराचा ठपका येतो, त्यात निवडणूक तोंडावर. हरकत भित्री वाटते पण निराधार नाही. दुसरी तरुण संघाची: बॅनर करू, वाटतानाचे फोटो टाकू. फोटोला मी नाही म्हटलं. पहिल्या हरकतीचं उत्तर माझ्याकडे नाही.

२४ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज पूर्ण वर्ग भरला. पूर्ण म्हणजे १६. बुधवारी मतदान झालं आणि त्याच रात्री ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक आला. कोपऱ्यातली गेली. मागच्या वर्षी आजीकडे राहिली होती, यंदा धाकट्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून घेऊन गेले. कऱ्हाडच्या बाजूला. शाळेचं दप्तर नेलंय असं आजी सांगते.

१ डिसेंबर

ब्लँकेटांचा भाव काढून गणिती आला होता. घाऊकमध्ये किती, किरकोळीत किती, सगळं लिहून. मी शाबासकी देत होते तेवढ्यात फॉल लावणारी म्हणाली, "पण बाई, तीपण तिकडेच आहे ना? मग तिला पण ब्लँकेट द्यायचं?"

कोणीच बोलेना. मग सगळेच बोलले. तिला कसं द्यायचं, ती आपल्या वर्गातली आहे. मग काय झालं, थंडी तिलापण वाजते. तिला वाईट वाटेल. दुसऱ्यांना वाईट वाटत नाही का? हे शेवटचं भेळवाल्याने विचारलं, ज्याच्याकडून मला काहीही अपेक्षा नव्हती. सायकलवाला म्हणाला, "आजींची बादली."

ठरलं की आधी तिला विचारायचं. तिच्या वडिलांच्या फोनवर, वर्गातूनच, स्पीकर लावून. दोनदा रेंज गेली. तिसऱ्यांदा लागला.

ब्लँकेटं आहेत, ती म्हणाली. घरून वाकळा आणल्यात. अंधार आहे. पहाटे चारला आईवडील फडात जातात, ती आणि धाकटा कोपीत, दिवा नसतो, साप निघतो म्हणून ती बाजेवरून उतरत नाही. संध्याकाळी वाचता येत नाही. साखरशाळा (तोडकऱ्यांच्या मुलांची शाळा) कारखान्याजवळ आहे, फडापासून लांब. टोळीत किती कोप्या, विचारलं. बारा. वाटायला कोण येणार, असं तिने विचारलं. आम्ही ठरवतोय म्हटलं.

"तुम्ही नका येऊ. पाठवून द्या. मी वाटते."

८ डिसेंबर

सूर्यावर चार्ज होणारे दिवे, घाऊक भावाने ३४० ला एक. बारांचे ४०८०. गोष्टींची पुस्तकं ४२० ची. पार्सलला २४०. उरले ६००, ते पुढच्या वर्षीच्या नोटांसाठी. महिला मंडळाने आपले पैसे परत मागितले नाहीत.

सायकलवाल्याने प्रत्येक दिवा दिवसभर उन्हात ठेवून रात्रभर जाळून पाहिला. दोन बदलून आणले. दुकानदाराशी कसं बोलला ते त्याच्या वडिलांकडून कळलं, इथे लिहीत नाही.

१५ डिसेंबर

पार्सल गेलं. वर नाव तिच्या वडिलांचं, चर्चचं कुठेच नाही. पंचांपैकी एकाने विचारलं की मग हे मंडळीचं काम आहे हे कळणार कसं. पाळकसाहेब म्हणाले, "ज्याला कळायचं त्याला कळेल," आणि चहा मागवला.

वाचनाला जाणाऱ्या मुलींनी आज्यांना विचारून सहा गोष्टी फोनवर रेकॉर्ड केल्या. एकीत मागे कोंबडा आहे. धाकटी सांगते तो सातवा.

५ जानेवारी २०२५

नाताळच्या गडबडीत वही राहिली. आज नोंद घेतलीच पाहिजे, कारण हिशेब आलाय.

कोपऱ्यातलीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. रेघा आखून, अनुक्रमांक घालून. अकरा कोप्यांना अकरा दिवे, प्रत्येकीपुढे त्या घरातल्या मुलांची संख्या. स्वतःच्या कोपीपुढे लिहिलंय: "आमच्या इथे दिवा नाही घेतला, शेजारच्यांचा आमच्या दारात पडतो." बारावा दिवा मुकादमाच्या मुलाला. कारण: "तो रडत होता." पुस्तकं सगळ्यांत फिरवायची, आठवड्याला बदलायची, कोणाकडे कोणतं त्याची वेगळी यादी.

खाली, पानाच्या तळाला, छोट्या अक्षरात: "माझे पन्नास राहिलेत, ते पट्टा पडल्यावर घरी आले की देते." पट्टा पडणं म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपणं.

पाळकसाहेबांनी वर्षअखेरच्या हिशेबासाठी वही मंगळवारी मागितली आहे. नव्या तक्त्यात सोळा नंबरांपुढे 'परत' मध्ये आकडे आहेत. तिच्या नंबरापुढे अजून काही लिहिलेलं नाही.